सातव्या बरगडीवरचा ठिपका

यवतमाळचा माणूस नागपूरला तीन कारणांनी जातो: लग्नाला, मोर्चाला आणि दवाखान्यात. पहिल्या दोन प्रवासांबद्दल पुष्कळ छापून येतं. तिसऱ्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, कारण परत आलेल्या माणसाला तिथं नेमकं काय झालं हे स्वतःलाच समजलेलं नसतं. मलाही समजलेलं नाही. तरी ज्यांना अजून जावं लागलेलं नाही, त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

जायचं होतं ते माझ्या साडूंना, पुरुषोत्तमरावांना. कळंबच्या पुढे आत वळलं की त्यांचं गाव लागतं. कपाशी, तूर, दोन म्हशी, आणि बैलांविषयी न संपणारं बोलणं, असा त्यांचा संसार. लघवीच्या तक्रारीवरून रक्त तपासलं, रक्तावरून तुकडा काढून तपासला, आणि तुकड्यावरून प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. यवतमाळच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "ग्रंथीच्या आतच असेल तर ऑपरेशन करून काढून टाकू. हाडांत गेला असेल तर ऑपरेशनला अर्थ नाही. मग इंजेक्शनं आणि गोळ्या, तीही जन्मभर. कुठवर गेलाय ते कळायला नागपूरला पेट स्कॅन करून आणा."

म्हणजे आम्ही एका यंत्राला एकच प्रश्न विचारायला निघालो होतो. गाडी माझी, चालवणाराही मी. माझी बायको लेकीकडे पुण्याला होती. तिनं फोनवर बजावलं, "तुम्ही फक्त गाडी चालवा. कोणाला काही समजावून सांगू नका." आयुष्यभर ग्रंथपाल राहिलेल्या माणसाला ही अट जाचक असते, पण मी मान्य केली.

गाव ते नागपूर

पुरुषोत्तमराव पुढे बसले, अक्का मागे. अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. मांडीवर पितळी डबा, त्यात भाकरी आणि सोल्यांची भाजी. हिवाळ्यात ओल्या तुरीचे दाणे ज्याच्या डब्यात नसतील त्याला आमच्याकडे आजारी समजतात.

थोडं पुढे गेल्यावर लक्षात आलं की डबा भरलेला असला तरी रुग्ण रिकामा आहे. अक्कांनी त्यांना आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं.

"अक्का, त्यांनी तर हलकं खाऊन या, भरपूर पाणी प्या, असं कळवलं होतं."

"स्कॅनले उपाशीच नेतेत, भाऊजी. आमच्या जाऊबाईले नेलतं तवा चहाबी नव्हता देला."

"ती सोनोग्राफी असेल."

"मशीन ते मशीनच नं."

देवळीला गाडी थांबवून पुरुषोत्तमरावांना पोहे खाऊ घातले. त्यांनी वर झणझणीत तर्री मागितली. मी हलकं या शब्दाचा अर्थ सांगायला तोंड उघडलं आणि बायकोची अट आठवून मिटलं. त्यांनी दोन प्लेटी खाल्ल्या.

रस्त्याकडेला कापसानं फुगलेले ट्रॅक्टर उभे होते आणि दर चौकात एक फलक होता: भव्य शंकरपट. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, शंकरपट ही आमच्याकडची बैलांची शर्यत. दोन बैल, त्यांच्यामागे नावापुरती छकडी, आणि तिच्यावर उकिडवा बसलेला हाकणारा. फलकावर मात्र बैल एका कोपऱ्यात असतात. उरलेल्या जागेत पुढारी असतात, मोठ्यांची डोकी मोठी, छोट्यांची छोटी. असा फलक आला की पुरुषोत्तमराव मान वळवून दुसऱ्या बाजूच्या शेतांकडे बघायचे. पुढाऱ्यांची चीड असलेला शेतकरी पाहून मला त्यांच्याविषयी आदर वाटला. तो आदर चुकीच्या कारणासाठी होता, हे मला नंतर कळलं.

नागपूर

स्कॅन सेंटरच्या प्रतीक्षालयात काचेची भिंत होती, भिंतीवरून पाणी ओघळत होतं आणि त्याशेजारी उद्घाटनाची शिळा होती. तिच्यावर एवढी नावं होती की आत काम करणारी माणसं त्याच्या निम्मीही नसावीत. शिळा मी शेवटपर्यंत वाचली. काय तपासतात ते तिच्यावर नव्हतं.

ते एका तरुण मुलीनं सांगितलं. ती तिथली तंत्रज्ञ होती. म्हणाली, "काका, शिरेतून एक औषध देणार. ते प्रोस्टेटच्या पेशी शोधत शरीरभर फिरतं आणि सापडल्या की त्यांना चिकटतं. औषधातून किरणं निघतात. तुम्ही मशीनमध्ये झोपायचं, मशीन ती किरणं टिपतं. जिथं चिकटलं असेल तिथं उजेड दिसतो."

"औषध कोठून आनता?" पुरुषोत्तमरावांनी विचारलं.

"इथंच रोज सकाळी काढतो. एक जनरेटर असतो, त्यातून. तासाभरात त्याचा जोर अर्धा होतो, म्हणून ठेवून चालत नाही. आम्ही त्याला दूध काढणंच म्हणतो."

पुरुषोत्तमराव पहिल्यांदा खुलले. "वासरू सोडता काय आदी?"

ती हसली. "वासरू नाही, काका."

"मंग पान्हवते कसा?"

हा प्रश्न विनोद होता की चौकशी, ते मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं. तिनं त्यांना आत नेलं. दारावर किरणांच्या धोक्याची तीन पात्यांची पिवळी खूण होती. अक्का त्या दाराकडे बघत बसल्या.

"आत एकटेच बसवते?"

"औषध अंगात पसरेपर्यंत."

"औषध बिमारीवरचं हाय काय?"

"नाही, फक्त बघण्यासाठी."

"मंग बरं वाटाले काय देतेत?"

मी माहितीपत्रक उघडलं. त्यात लिहिलं होतं की हे तंत्र रोगाची नेमकी व्याप्ती दाखवतं. खाली बारीक अक्षरांत होतं की रोग नसलेल्या जागाही उजळू शकतात आणि रोग असलेल्या काही जागा उजळत नाहीत. दोन्ही वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. मला ती एकाच पत्रकात मावत नव्हती.

बऱ्याच वेळानं पुरुषोत्तमराव बाहेर आले. काय केलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "काही नाई. मुताले लावलं, झोपवलं, आन् आत-बाहेर सरकवलं. लय थंडी होती." शिवाय आजचा दिवस लहान मुलांच्या आणि गरोदर बायांच्या जवळ बसू नका, असं त्यांना सांगितलं होतं. तेवढ्यात बाकाखालून कोणाचं तरी रांगतं पोर निघालं आणि त्यांच्या धोतराच्या दिशेनं आलं. गावात दिसेल ते पोर उचलून घेणारा हा माणूस झटकन उठला आणि पाणी ओघळणाऱ्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पोराच्या आईला वाटलं, म्हातारा शिष्ट आहे.

यवतमाळ

अहवाल दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर आला. प्रोस्टेटमध्ये रोग आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. आसपासच्या गाठी स्वच्छ. आणि मग एक ओळ: डाव्या सातव्या बरगडीवर एक ठिपका उजळला आहे, स्वरूप अनिश्चित, रोगाचा प्रसार नाकारता येत नाही, प्रत्यक्ष रुग्णाशी पडताळून पाहावे. मूळ इंग्रजीत हे आणखी भारदस्त वाटत होतं. हो की नाही, असं आम्ही विचारलं होतं. उत्तर आलं की तुम्हीच बघा.

दोघं एसटीनं यवतमाळला आले. डॉक्टरांनी चित्र पडद्यावर लावलं. अंधारात एक माणूस दोन्ही हात वर करून उभा असावा तसा. मूत्रपिंडं पेटलेली, गालांखाली दोन दिवे, डोळ्यांच्या कोपऱ्यांत दोन ठिणग्या.

"डोयात बी गेली?" पुरुषोत्तमराव पडद्याजवळ सरकले.

"नाही, नाही. त्या अश्रूंच्या ग्रंथी. तिथं औषध आपलं आपण जातं. तो रोग नाही."

"आन् हे?" अक्कांनी बोट ठेवलं. डाव्या बाजूला तांदळाच्या कणीएवढा उजेड होता.

"याचंच कळत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचा मला आवडलेला गुण हा, की कळत नाही हे ते मराठीत सांगतात. "रोग असू शकतो. किंवा जुना मार असू शकतो. हाड मोडून जुळताना तिथंही हे औषध कधी कधी चिकटतं. काका, या बाजूला कधी मार लागला होता? वर्षा-दोन वर्षांत? पडलात, काही आदळलं?"

पुरुषोत्तमराव म्हणाले, "नाई."

"नीट आठवून सांगा. यावर बरंच अवलंबून आहे."

"नाई पडलो."

अक्का पंख्याकडे बघत होत्या. तो बंद होता.

डॉक्टर म्हणाले, मार नसेल तर रोग धरून चालावं लागेल, निदान त्या हाडाचा तुकडा काढून तपासावा लागेल. आज ते नागपूरच्या डॉक्टरांशी बोलतील, आम्ही उद्या यावं.

कळंब

दोघांना मी गावी सोडायला निघालो. कळंबला अक्का म्हणाल्या, गाडी थांबवा. चिंतामणीच्या देवळात वर चढून नाही, खाली उतरून जावं लागतं. माझ्यासारख्या संशयी माणसालाही देवापुढे वाकायला लावण्याची ही रचना चांगली आहे. पुरुषोत्तमराव म्हणाले, पाय दुखतात, मी गाडीत बसतो. मी अक्कांबरोबर उतरलो.

निम्म्या पायऱ्यांवर त्या थांबल्या. "भाऊजी, एक सांगतो. यायले समजू देऊ नका."

"काय?"

"हे पडलते. गेल्या साली, पटात."

त्यांनी सांगितलं ते असं. पुष्कळ वर्षांपूर्वी पुरुषोत्तमराव छकडीवरून पडले होते, डोक्याला मार लागून दोन दिवस बेशुद्ध होते. उठल्यावर अक्कांनी त्यांना याच पायऱ्यांवरून खाली आणलं आणि पुन्हा छकडीवर बसणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. मधली बरीच वर्षं पटांवर बंदी होती, तेव्हा शपथ पाळणं सोपं गेलं. मग पट पुन्हा सुरू झाले. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर हे एका संध्याकाळी कुशीवर हात धरून घरी आले आणि खोकल्यानं फासळी दुखते म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"घड्याळ घेऊन आले नं. लग्नात भेटलं म्हनले. त्याच्यावर पटाचं नाव होतं, त्यावर यायनं चिंतामनीचा फोटो चिटकवला. म्या झटकतानी पाह्यलं." मग म्हणाल्या, "मले वाचता येते, भाऊजी."

"मग तिथं डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"कशी सांगू? मले मालूम हाय हे यायले समजलं, तर यायले वाटन का शपथ मोडली म्हनून हे दुखनं आलं. आधीच माणूस खचला हाय."

"तसं काही नसतं, अक्का."

"तुमाले नसन वाटत." त्या खाली उतरल्या.

गाव

रात्री मी त्यांच्याकडेच राहिलो. भरीत, ज्वारीची भाकर, गोळाभात. आम्ही यवतमाळची माणसं शहरी झाल्यापासून पाहुण्याला विचारतो, अजून वाढू का? इथं विचारत नाहीत. ताटावर हात आडवा धरला तर हाताच्या कडेनं वाढतात. जेवताना माझी नजर सारखी भिंतीवर जात होती. घड्याळ चांगलं मोठं होतं. बाराच्या खाली चिंतामणी. सहाच्या वर एका पुढाऱ्याचा चेहरा. त्याला झाकायचं कोणी मनावर घेतलं नव्हतं. सेकंदकाटा दर मिनिटाला त्याच्या नाकावरून जात होता.

सकाळी पुरुषोत्तमराव मला तूर दाखवायला शेतात घेऊन गेले. तूर दाखवली नाही. शेताच्या कडेच्या धुऱ्यावर बसले आणि म्हणाले, "सुधाकरराव, तुमी शिकलेले हा. एक इचारू? देव बिमारी देते काय?"

"कशाबद्दल?"

"शपत मोडल्याबद्दल. तुमच्या अक्काले सांगू नका. मी गेल्या साली पटात बसलतो."

मी तोंडावर जमेल तेवढं आश्चर्य आणलं. ते पुरेसं झालं असावं.

"बसायचं नव्हतं मनात. पाहाले गेलतो. एकाचा हाकणारा आला नाई, जोडी उभी. ते म्हनले, भाऊ, तुमच्याबिगर कोन हाय? मंग काय." ते तुरीच्या शेंगा हातानं चाचपत होते. "जोडी सुटली तं सुटली. रेघ पार झाली तरी थांबेच ना. बांधावर आपटलो. ह्या बाजूनं." त्यांनी हात नेमका त्या ठिपक्याच्या जागी ठेवला.

"मग काल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

"ते बसली होती नं तिथी. तिले समजलं तं तिले वाटन का त्याच्यानंच झालं. मंग ते देवाले बोलत बसन. मले बोलली तं चालते."

"पण पुरुषोत्तमराव, हे पडणं म्हणजे चांगली बातमी असू शकते. तो ठिपका मोडलेल्या हाडाचा असला तर रोग हाडांत गेलेला नाही."

"म्हनजे शपत मोडली ते बरं झालं?"

माझ्या सगळ्या वाचनात अशा प्रश्नाचं कपाटच नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "डॉक्टरांना सांगा."

"सांगतो. तिले बाहेर पाठवा फक्त."

पुन्हा यवतमाळ

दोघांनी एकच गोष्ट मला वेगवेगळी सांगितली होती, आणि ती एकमेकांना सांगायची नाही असं मी दोघांनाही कबूल केलं होतं. डॉक्टरांच्या खोलीत आम्ही ओळीनं बसलो, मी मधोमध.

डॉक्टर म्हणाले, "नागपूरच्यांचंही तेच मत पडलं. मार असेल तर वेगळं, नसेल तर..."

"अवो," पुरुषोत्तमराव अक्कांना म्हणाले, "खालच्या दुकानातून माह्या गोया आनता काय?"

"गोया हायेत घरी. तुमी जाऊन या नं लघवीले. मघापासून पानी पिऊन राह्यले."

"मले नाई लागली."

"लागन."

"तू जा नं."

"तुमी जा."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी बंद पंख्याकडे बघू लागलो. पंख्याचं महत्त्व मला तेव्हा कळलं. आपण दोघांनाही बाहेर पाठवावं आणि स्वतः सांगून टाकावं, असा विचार माझ्या मनात आला. पण दिलेल्या दोन शब्दांपैकी कोणता आधी मोडायचा, हे ठरेना.

तेवढ्यात अक्कांनी पदर सावरला आणि नवऱ्याकडे न बघता, घरातलं काही विचारावं तसं विचारलं, "पटात पडले त्या दिवशी जोडी कितवी आलती?"

"पयली," पुरुषोत्तमराव म्हणाले. वर्षभर दाबून ठेवलेलं उत्तर होतं, ते प्रश्नाचीच वाट बघत होतं. मग त्यांचे कान लाल झाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कोणत्या बाजूवर पडलात?"

"डाव्या," अक्का म्हणाल्या.

"बांधावर," पुरुषोत्तमराव म्हणाले.

डॉक्टरांनी चित्र पुन्हा लावलं, यावेळी साध्या हाडांचं. तोच भाग मोठा केला, फिरवला, पुन्हा मोठा केला. उजेडाच्या जागी हाडावर केसाएवढी रेघ होती, आणि तिच्या बाजूनं हाड जरासं फुगलेलं. त्यांनी ती फोनवरून नागपूरला पाठवून विचारलं. मग म्हणाले, "हे जुळलेलं हाडच दिसतं. शंभर टक्के कोणी सांगणार नाही, पण त्या हाडाला मी आता भीत नाही. ऑपरेशन करू. नंतर रक्त बघत राहू. हाडात काही असलं तर ते रक्तात बोलेल." आणि जरा रागानं, "काका, हे काल सांगितलं असतं तर?"

पुरुषोत्तमराव म्हणाले, "काल हे बाजूले होती."

"आजही आहेत."

"हाव," ते म्हणाले.

पुन्हा कळंब

परतीला ते पुढे बसले नाहीत. मागे बसले, अक्कांच्या शेजारी. मी आरशात बघत होतो. शंकरपटाचा फलक आला. यावेळी त्यांनी मान वळवली नाही.

"सुधाकरराव," ते म्हणाले, "त्या मशीनले आमी पडलो ते दिसलं. पन जोडी पयली आलती, हे दिसलं असन काय?"

मागून अक्का म्हणाल्या, "मशीनले नाई दिसलं. मले मालूम होतं. पयल्या नंबरलेच घड्याळ देतेत."

कळंबला गाडी थांबवायला यावेळी पुरुषोत्तमरावांनी सांगितलं. तिथं काय करायचं, माफी मागायची की आभार मानायचे, यावर दोघांचं गाडीतून उतरता उतरता कुजबुजत भांडण झालं. ते मिटलं की नाही मला कळलं नाही. दोघं एकमेकांचा हात न धरता, पण एकाच वेळी एकेक पायरी उतरत खाली गेले.

मी वर चपला सांभाळत बसलो. फोन काढून अहवाल पुन्हा वाचला. एका शब्दाचाही अर्थ बदललेला नव्हता, आणि मला तो अजूनही नीट समजला नाही. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं: प्रत्यक्ष रुग्णाशी पडताळून पाहावे.

ते काम खाली चाललं होतं. मी फोन खिशात ठेवला.